आठ बाईटांचा प्रश्न

०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए

वरची ओळ हे एक पूर्ण वाक्य आहे. त्यात संबोधन आहे, क्रियापद आहे, कर्म आहे, आणि वाक्य वाटेत बिघडले नसल्याची साक्षही त्यातच आहे. लातूरच्या एमआयडीसीतल्या एखाद्या डाळमिलचे पॅनेल उघडा, साखर कारखान्यातल्या बॉयलरच्या कंट्रोलरूममध्ये डोकवा, नांदेडला एखाद्या गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरपाशी जा. दोन पिळलेल्या तारांवरून हे वाक्य, किंवा याच्याच घराण्यातले दुसरे, चाललेले सापडण्याचा संभव मोठा. विचारणारा संगणक असतो. ज्यांना विचारले जाते ते असतात विजेचे मीटर, तापमानाचे कंट्रोलर, मोटारीचे ड्राइव्ह, वजनाचे इंडिकेटर. पॅनेलवर काम करणारी मंडळी या भाषेला मॉडबस म्हणतात आणि तिच्या दोनच अवस्था मानतात : ‘कम्युनिकेशन येतंय’ आणि ‘कम्युनिकेशन गेलं’. त्यांचे चुकत नाही. त्यांना मिल चालू ठेवायची असते.

रसग्रहणाला विषय म्हणून तारेवरचे बाईट घेतले की साहित्यातले मित्र हसतात. हसोत. ज्या नांदेडात नरहर कुरुंदकर मनुस्मृतीपासून भरताच्या नाट्यशास्त्रापर्यंत कशाचीही तितक्याच तल्लखपणे उकल करीत, तिथे हे हसू फार टिकू नये. मोजके आणि नेमके बोलणे हा लेखनाचा गुण मानायचा असेल, तर वरच्या ओळीच्या तोडीचे लेखन शोधायला मला बराच वेळ लागेल.

ही भाषा १९७९ ची. अमेरिकेतल्या मॉडिकॉन कंपनीने ती आपल्या पीएलसींसाठी, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या कारखानी कंट्रोलरांसाठी, घडवली. या कंपनीचा पहिला पीएलसी, मॉडिकॉन ०८४, त्याआधी दहाएक वर्षे डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता; त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्स या संस्थेचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ०८४. मॉडबसचे नियम कंपनीने उघड केले आणि वापरायला परवाना-शुल्क ठेवले नाही, म्हणून आज स्वस्तातल्या स्वस्त मीटरलाही ती येते. इतिहास एवढा पुरे.

आता ओळ. आठ जोड्या म्हणजे आठ बाईट. प्रत्येक जोडी सोळाच्या पायावर लिहिली आहे. नऊ संपल्यावर ए ते एफ ही अक्षरे दहा ते पंधरा या संख्यांचे काम करतात. 

पहिला बाईट ०१ : कुणाला विचारायचे ते. एका तारेवर १ ते २४७ यांपैकी कोणताही क्रमांक उपकरणाला देता येतो. शाळेतल्या हजेरीसारखेच आहे : नाव सगळ्यांना ऐकू येते, ‘हजर’ एकानेच म्हणायचे असते. शून्य क्रमांक म्हणजे सगळे. पण शून्याला उद्देशून फक्त सांगता येते, विचारता येत नाही, कारण सगळ्यांनी एकदम उत्तर दिले तर तारेवर कालवा होईल आणि कुणाचेच काही कळणार नाही. म्हणून शून्याच्या संदेशाला उत्तर द्यायचेच नाही, असा नियम.

या बाईटात एक गोष्ट नाही, आणि मला ती फार आवडते : विचारणाऱ्याचे नाव. सगळ्या वाक्यात एकच पत्ता आहे, तो ज्याला विचारले त्याचा. विचारणारा या तारेवर एकटाच असतो, तेव्हा त्याने नाव कशाला सांगायचे? उत्तरातही पहिला बाईट ०१ हाच येतो, पण आता त्याचा अर्थ ‘अरे एक’ असा नसतो, ‘मी एक बोलतोय’ असा असतो. प्रश्नातले संबोधन उत्तरात सही होऊन येते आणि त्यासाठी जादा काहीच खर्च होत नाही.

दुसरा बाईट ०३ हे क्रियापद : वाच. ०६ असते तर : लिही. या भाषेची क्रियापदे बोटांवर मोजण्याइतकी, आणि सगळी आज्ञार्थी. पुढचे दोन बाईट, ०० ००, कुठून वाचायचे ते सांगतात. त्यापुढचे दोन, ०० ०१, किती वाचायचे ते. उपकरणाच्या स्मृतीतल्या पहिल्या खणापासून एक खण. झाले.

‘पहिला खण’ आणि ‘शून्य’ यांत मात्र एक गंमत दडली आहे, आणि तिने दोन पिढ्यांच्या इंजिनिअरांना छळले आहे. उपकरणाच्या पुस्तिकेत हाच खण ४०००१ या क्रमांकाने छापलेला असतो. त्यातला आरंभीचा ४ प्रकार सांगतो, आणि पुढची मोजणी एकपासून सुरू होते. तारेवर मोजणी शून्यापासून. काही पुस्तिका कागदावरचा क्रमांक देतात, काही तारेवरचा, आणि कोणता दिला आहे हे बहुतेक पुस्तिका सांगत नाहीत. मग पडद्यावर व्होल्टेजच्या जागी शेजारच्या खणातले भलतेच काही उमटते आणि सगळे मिळून मीटरला शिव्या घालतात. एवढ्या नेटक्या भाषेत ही ढिलाई कशी राहिली, याचे मला आश्चर्य वाटते. तिला सौंदर्य म्हणायला मी तयार नाही.

शेवटचे दोन बाईट, ८४ ०ए, हा या वाक्याचा प्राण. आधीच्या सहा बाईटांची एक लांबलचक द्विमान संख्या मानून, हातचे न धरता, एका ठरलेल्या संख्येने भागले की जी बाकी उरते ती ही. बाकी सोळा बिटांची, म्हणून दोन बाईट. प्रश्नात जरासा बदल करून पाहा. एक खण मागण्याऐवजी दहा मागा. म्हणजे सहावा बाईट ०१ चा ०ए करा. वाक्य असे होते :

०१ ०३ ०० ०० ०० ०ए सी५ सीडी

बदल एका जागी केला आणि शेपटीतले दोन्ही बाईट पार बदलले. ८४ ०ए चा मागमूसही नाही. तारेवर एखादा बिट उलटला तर तो नक्की पकडला जातो, दोन उलटले तरी इतक्या लहान वाक्यात पकडले जातात, सलग सोळा बिटांच्या पट्ट्यात काहीही विसकटले तरी पकडले जाते. त्याहून मोठा गोंधळ झाला तर तो निसटण्याची शक्यता ६५,५३६ त एक. दोन बाईटांच्या मोबदल्यात एवढी राखण मिळते.

या दोन बाईटांचा क्रम उलटा आहे, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. इतर सगळ्या संख्या मॉडबस मोठा बाईट आधी, लहान मागून अशा लिहितो. बाकी मात्र लहान आधी. वरच्या प्रश्नाची बाकी खरे तर ०ए८४, पण तारेवर जाते ८४ ०ए. विद्यार्थी इथे हमखास अडखळतात आणि शिक्षक ‘असेच आहे, पाठ करा’ म्हणून पुढे जातात. पाठ करू नका, करून पाहा. पहिल्या सहा बाईटांचा भागाकार करून हाती आली ०ए८४. आता थांबू नका, तोच भागाकार पुढे चालू ठेवून त्यात ८४ घाला : उरते ०००ए. मग ०ए घाला : उरते ००००. म्हणजे ऐकणाऱ्याला कुठे साक्ष सुरू होते आणि कुठे वाक्य संपते याचा विचारच करावा लागत नाही. सगळे आठ बाईट एकाच घाण्यातून काढायचे आणि शेवटी शून्य उरले की नाही एवढे पाहायचे. क्रम सरळ ठेवला असता तर हे शून्य मिळाले नसते. आक्षेप घेणाऱ्यांनी ज्याला गबाळेपणा म्हटले, ती या ओळीतली सगळ्यात सुबक जागा आहे, असे माझे मत आहे.

वाक्याला पूर्णविराम कुठे आहे? कुठेच नाही. ठेवायचा तरी कुठला? खणातल्या प्रत्येक बाईटाची किंमत ०० ते एफएफ यांपैकी कोणतीही असू शकते, तेव्हा खूण म्हणून राखून ठेवायला एकही बाईट शिल्लक राहत नाही. मॉडबसने मग मौनालाच विरामचिन्ह केले. साडेतीन अक्षरे, म्हणजे साडेतीन बाईट, पाठवायला जितका वेळ लागेल तितकी तार शांत राहिली, की वाक्य संपले आणि पुढचे सुरू होऊ शकते. आणि वाक्य चालू असताना दोन अक्षरांमध्ये दीड अक्षराहून जास्त थबकायचे नाही. ९६०० च्या बाउडरेटला, अकरा बिटांचे एक अक्षर धरले, तर आमचा प्रश्न साधारण नऊ मिलिसेकंदांत बोलून होतो आणि त्यानंतरची शांतता असते चार मिलिसेकंदांची. ही शांतता ऐकणाऱ्या प्रत्येक उपकरणाने मोजायची असते. तालाशिवाय या भाषेत अर्थ नाही. बाईट तेच, क्रम तोच, पण मध्ये श्वास चुकला तर वाक्य रद्द.

आज हीच जागा सगळ्यात जास्त त्रास देते. डेस्कटॉपमागचे नऊ पिनांचे पोर्ट गेले आणि यूएसबीचे कन्व्हर्टर आले. हे कन्व्हर्टर आलेली अक्षरे साठवतात आणि गठ्ठ्याने संगणकाला देतात. काही चिपांत हा साठवणीचा काळ मुळात १६ मिलिसेकंदांचा ठेवलेला असतो. चार मिलिसेकंदांची शांतता त्या गठ्ठ्यात कुठे दिसणार? त्यामुळे संगणकावरची सॉफ्टवेअरे शांतता मोजण्याचे नाटक करतात आणि प्रत्यक्षात बाईट मोजून वाक्य ओळखतात. इथरनेटवरचा मॉडबस १९९९ साली आला तेव्हा त्याने हे मान्यच करून टाकले. त्यात मौन नाही, शेवटची बाकीही नाही, ती जबाबदारी नेटवर्कच्या खालच्या थरांवर सोपवली आहे. सुरुवातीला सरळ ‘पुढे इतके बाईट येत आहेत’ असे लिहिलेले असते. सोय झाली हे खरे. पण पद्याचे गद्य झाले, आणि मी ते कामापुरते वाचतो.

आता उत्तर. समजा एक नंबरचे उपकरण वजनाचे इंडिकेटर आहे आणि काट्यावर उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली उभी आहे :

०१ ०३ ०२ ४८ १२ ०ई ४९

मी एक. वाचले. दोन बाईट देतो आहे. ४८ १२. आणि ही साक्ष. ४८ म्हणजे बहात्तर; त्याला २५६ ने गुणले की १८,४३२; त्यात १२ चे अठरा मिळवले की १८,४५०. अठरा टन साडेचारशे किलो. प्रश्न आठ बाईटांचा, उत्तर सातांचे. आभार, नमस्कार, एककाचे नाव, काही नाही. किलो की क्विंटल हे सुद्धा तारेवर येत नाही, ते दोघांनी आधी ठरवलेले असते.

एका खणाच्या सोळा बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५. साठ टनी काटा किलोत मोजला तर त्यात कसाबसा बसतो. पण संगणकावर लिहिणाऱ्याने ती संख्या चिन्हासकट वाचायची ठरवली, तर ३२,७६७ च्या पुढे गेलेली गाडी उणे दिसू लागते. चाळीस टनांच्या ट्रकचे वजन येते वजा २५,५३६ किलो. उपकरण खरे बोलत असते. ऐकणाऱ्याने कान नीट लावलेले नसतात.

नकार देण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. नसलेला खण मागितला तर उत्तर येते :

०१ ८३ ०२ सी० एफ१

विचारलेले क्रियापद ०३, परत आलेले ८३. म्हणजे तेच क्रियापद, फक्त त्याचा सर्वांत वरचा बिट उभा केलेला. पुढचा ०२ कारण सांगतो : हा पत्ता माझ्याकडे नाही. कोणत्या मागणीला नकार आहे हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण मागणी नकारातच दिसते. पाच बाईटांत संपणारा इतका मुद्देसूद नकार सरकारी टपालात मी अजून वाचलेला नाही.

आणि तिसरा प्रकार म्हणजे न बोलणे. प्रश्न वाटेत खराब झाला, बाकी जुळली नाही, तर उपकरण गप्प राहते. ‘कळले नाही, पुन्हा सांगा’ असेही म्हणत नाही. नवख्याला हे उद्धटपणाचे वाटते. पण विचार करा : वाक्य बिघडले आहे, तर त्यातला पत्ताही बिघडला असू शकतो. प्रश्न आपल्यालाच होता याची खात्री काय? दुसऱ्याच्या प्रश्नाला आपण ‘कळले नाही’ म्हणून मध्ये बोललो तर गोंधळ वाढेल. खात्री नसताना न बोलणे हा इथे नियम आहे. विचारणारा ठरावीक वेळ वाट पाहतो आणि पुन्हा विचारतो.

ज्या तारेवर हे चालते तिच्याबद्दल थोडे. संगणकाचे जुने आरएस-२३२ पोर्ट १९६० सालच्या प्रमाणाचे. त्याची धाव रूढ नियमाने पंधराएक मीटर. कारखान्यात एवढ्यात काय होणार? १९८३ चे आरएस-४८५ हे मॉडबसचे खरे घर. त्यात एका तारेचा व्होल्टेज जमिनीच्या तुलनेत मोजत नाहीत, दोन तारांमधला फरक मोजतात. फरक दोनशे मिलिव्होल्ट असला तरी ऐकणाऱ्याला पुरतो. पिळलेल्या जोडीवर बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि फरक काढताना वजा होऊन जातो. १,२०० मीटरपर्यंत धाव, मूळ हिशेबाने बत्तीस उपकरणे, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणजे तारेच्या टोकावर आदळून शब्द मागे फिरत नाही.

कागदावर हे फार छान आहे. मराठवाड्याच्या मातीत त्याची परीक्षा होते. दोन इमारतींच्या जमिनीत व्होल्टेजचा फरक असतो, आणि आरएस-४८५ उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच तो सोसते. उन्हाळ्यात इथली काळी जमीन भेगाळते, ओल खोल जाते, अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात पाणी ओतत राहावे लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेव्हा अर्थिंगला पाणी घाला म्हणायची कुणाची छाती झाली असेल? मग मृगाच्या तोंडावर विजा पडू लागतात आणि काट्यापासून ऑफिसपर्यंत उघड्यावरून ओढलेली केबल दोन्ही टोकांची पोर्टे घेऊन जाते. ‘दोन तारा पुरतात’ असे सांगणारे अर्धेच सांगतात. तिसरी, कॉमनची, तार हवी. लांबच्या ओढीवर आयसोलेटर हवा. वाक्य कितीही सुंदर असले तरी ज्याच्यावर ते लिहायचे तो कागद जळून कसे चालेल?

इतके कौतुक केल्यावर दोष लपवणे बरे नाही. मॉडबस भाबडा आहे. तारेवर येऊन कुणीही ०६ म्हणाले, तर उपकरण लिहिते. तू कोण, असे विचारत नाही. विचारणाऱ्याला नाव नसणे ही जी गोष्ट मी वर वाखाणली, तिचीच ही दुसरी बाजू. १९७९ साली तार कारखान्याच्या भिंतीआड होती आणि भिंतीआडचे सगळे आपले मानले होते. आज तीच तार गेटवे लावून इंटरनेटला जोडतात आणि क्रियापदांवर कसलाही पहारा ठेवत नाहीत. हा दोष भाषेचा कमी आणि जोडणाऱ्यांचा जास्त, पण दोष आहे.

सिरियल तारेवर मॉडबसहून जुन्या वळणाचेही एक लेखन आहे, आणि मराठवाड्याच्या दृष्टीने तेच जास्त महत्त्वाचे. वजनकाट्याचे इंडिकेटर बऱ्याच ठिकाणी कुणी विचारायची वाट पाहत नाही. ते अखंड बोलत असते. काटे बनवणाऱ्या टोलेडो घराण्याच्या अखंड धारेचे एक आवर्तन असे असते : आरंभाची खूण, तीन अक्षरे स्थितीची, सहा अंक वजनाचे, सहा अंक टेअरचे (वजा करायच्या रिकाम्या वजनाचे), ओळ संपल्याची खूण, आणि हवी असल्यास एक बेरजेची साक्ष. सगळे मिळून अठरा अक्षरे. मग पुन्हा तेच. वजन अंकांच्याच रूपात जाते, ०१८४५० असे, म्हणून खुणांसाठी वेगळी अक्षरे राखून ठेवता येतात आणि मौनाची गरज पडत नाही.

या अठरा अक्षरांत माझे आवडते अक्षर आहे स्थितीचे दुसरे. त्यात एकेका बिटाला अर्थ आहे : वजन ढोबळ की निव्वळ, अधिक की उणे, काट्याच्या आवाक्यात की बाहेर. आणि एक बिट सांगतो की वजन अजून हलते आहे. ट्रॉली काट्यावर चढते, ड्रायव्हर ब्रेक दाबतो, ऊस मागेपुढे हेलकावतो, खालचे लोडसेल दर व्होल्टमागे दोनएक मिलिव्होल्टच्या आवाक्यात ते सगळे टिपत असतात. इंडिकेटर आकडा पाठवतेच, पण त्याच दमात ‘यावर अजून विसंबू नका’ हेही कळवते. त्याच घराण्याच्या प्रश्नोत्तरी बोलीत हाच विवेक आणखी ठसठशीत आहे. नुसते ‘एस’ पाठवले तर उपकरण वजन स्थिर होईपर्यंत थांबते आणि मग ‘एस एस’ म्हणून आकडा देते. ‘एसआय’ पाठवले, म्हणजे असेल तसे आत्ताच सांग म्हटले, तर ते लगेच सांगते. पण वजन हलत असेल तर ‘एस डी’ लावून सांगते. घाई करणाऱ्याला उत्तर मिळते आणि त्या उत्तराची प्रतही कळते.

संगणकावरचे सॉफ्टवेअर मात्र पुष्कळदा सहा अंक तेवढे उचलते आणि स्थितीची अक्षरे टाकून देते. लिहिणाऱ्याला वाटते, आकडा मिळाला की झाले. कवितेतली क्रियाविशेषणे गाळून वाचल्यासारखे नाही हे. इथे गाळले जाते ते ‘अजून नाही’. हलत्या वजनाची पावती छापली गेली तर चूक काट्याची नसते, तारेचीही नसते. उपकरणाने सांगितलेले अर्धे वाक्य कुणी ऐकलेच नाही, एवढेच झालेले असते.

साक्षीच्या बाबतीत ही धारा मॉडबसपुढे फिकी पडते. तिची साक्ष ऐच्छिक आहे, आणि बंद ठेवली तर ‘१’ या अंकाचा एक बिट उलटून त्याचा ‘३’ झाला, तर ०१८४५० चे ०३८४५० होते आणि दोन्ही तितकेच खरे दिसतात. पॅरिटीचा बिट लावला असेल तर तो हे पकडेल, नसेल तर कुणीही नाही. साक्ष चालू केली तरी ती नुसती बेरीज. आणि बेरजेला क्रम कळत नाही. १८४५० आणि १४८५० यांची बेरीज एकच. तारेवर अंकांची अशी अदलाबदल सहसा होत नाही, हे कबूल. तरी मॉडबसच्या भागाकाराला जो क्रमाचा कान आहे तो बेरजेला नाही, हा दर्जातला फरक उरतोच.

हे सगळे शेतकऱ्याच्या किती जवळचे आहे, हे इथे सांगायची गरज नसावी. वर्षभराचा ऊस गव्हाणीत पडण्याआधी एकदाच मोजला जातो आणि त्या एका आकड्यावर बिल निघते. काटामारीची तक्रार महाराष्ट्रातल्या शेतकरी संघटना वर्षानुवर्षे मांडत आल्या आहेत. वैधमापनशास्त्र अधिनियम २००९ खाली काट्याची दरवर्षी फेरपडताळणी होते, मुद्रांकन होते, सील लागते. सील काट्याला आणि इंडिकेटरला. पावती छापतो तो संगणक. दोहोंच्या मध्ये आहे ही तार आणि तिच्यावरची अठरा अक्षरे. तक्रार करणारे काट्याखाली वाकून पाहतात, तपासणारे प्रमाण-वजने चढवतात, आणि दोघांचेही बरोबर आहे. पण त्या तारेवर काय लिहिले आहे हे वाचणारा माणूस काट्यावर क्वचितच उभा असतो. मला हा प्रश्न हेतूचा कमी आणि साक्षरतेचा जास्त वाटतो.

नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत इन्स्ट्रुमेंटेशनची स्वतंत्र शाखा आहे. संस्था १९८१ ची, म्हणजे मॉडबसहून दोनच वर्षांनी लहान. लातूरला पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. या दोन गावांत तारेवरचे वाक्य उलगडू शकणारी मुले दरवर्षी तयार होतात, आणि त्यांतली बरीच उसाच्या घरातली असणार. त्यांनी प्रयोगवहीत प्रश्न आणि उत्तर उतरवून घेण्यापलीकडे जावे. हाताने एकदा तो भागाकार करावा, शेवटी शून्य उरते ते पाहावे, आणि मग गावाकडच्या काट्यावर जाऊन इंडिकेटरची धारा वाचून पाहावी. व्यवस्थापनाची परवानगी काढून, अर्थातच.

उसाची गाडी घेऊन जाणाऱ्यांना माझी विनंती साधी आहे. काट्याबाहेर मोठा डिस्प्ले लावलेला असेल तर त्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही वेळी तो मोबाईलमध्ये टिपून घ्या आणि पावतीशी ताडा. आणि कारखान्यात, आडतीत किंवा गोदामावर काटा बसवणाऱ्या इंजिनिअरांना सांगणे एवढेच, की सॉफ्टवेअरला स्थिरतेचा बिट वाचायला लावा, आणि इंडिकेटरच्या मेनूत चेकसमचा, म्हणजे बेरजेच्या साक्षीचा, पर्याय असेल तर तो चालू करा. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.